गळती दुसरीतच सुरू होते

(गोंदिया येथील युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘आयटी क्षेत्रातील करिअरच्या संधी’ असा विषय छापला आहे. मी त्याच्यावर बोलणार नाही हे आयोजकांना कालच फोन करून सांगितलंय. आयटीत कसं जायचं हे ज्याला विचारायचंय त्यानं चहाच्या वेळी विचारावं, दहा मिनिटांत सांगतो. मला बोलायचंय ते सहा, सात, आठ वर्षांच्या पोट्ट्यांबद्दल. आपल्या मोहल्ल्यातल्या मुलग्यांना वाचता येत नाही, त्याबद्दल.

आजच बोलायचं कारण असं की उद्या सकाळी तुमच्या बैठकीपुढे एक ठराव येतोय. मोहल्ल्यातला हॉल रोज संध्याकाळी स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेला द्यायचा आणि जमलेला निधी पुस्तकं, टेबलं, खुर्च्या यांवर लावायचा. ठराव चांगल्या मनानं आलाय, आणणारे माझे मित्र आहेत. माझा त्याला विरोध आहे. का, ते सांगायला मला अर्धा तास द्या.

माझं काम सॉफ्टवेअरचं. आमच्याकडे एक गोष्ट पहिल्याच वर्षी कळते. स्क्रीनवर एरर जिथं दिसते तिथं ती क्वचितच असते. पैसे भरायच्या पानावर सगळं अडतं, आणि शोधत गेलं की सापडतं की गडबड खूप आधी, नाव-पत्ता घेताना झाली होती. नवीन मुलगा पैसे भरायचं पान दुरुस्त करत बसतो. जुना माणूस मागं मागं जातो.

आपण सगळे पैसे भरायच्या पानावर बसलोय. पोरगा आठवीत शाळा सोडतो, गॅरेजला लागतो, वेल्डिंगच्या दुकानात जातो, मोबाइल रिपेअरिंगला बसतो, राईस मिलवर हमालीला जातो. मग आपण म्हणतो, आठवी-नववीत गळती आहे, काहीतरी करू. दहावीचे मोफत क्लास घेऊ, करिअर मार्गदर्शन ठेवू. त्या पोराची शाळा आठवीत सुटलेलीच नसते. ती सुटते दुसरी-तिसरीत, जेव्हा वर्गातल्या बाकीच्या मुलांना पान वाचता यायला लागतं आणि त्याला येत नाही. पुढची पाच-सहा वर्षं तो नुसता बाकावर बसलेला असतो. परीक्षेत बघून लिहितो, हजेरी लागते, पोषण आहार खातो, वरच्या वर्गात जातो. इतिहासाचं पुस्तक, विज्ञानाचं पुस्तक, सगळं त्याच्यासाठी बंद. मग त्याच्या अंगात बळ येतं, कमावता येईल एवढा तो होतो आणि निघून जातो. त्याच्या जागी मी असतो तर मीही गेलो असतो.

सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ चा. त्यात आहे की ६ ते १४ वयाची सुमारे २५ टक्के मुस्लिम मुलं एकतर कधी शाळेत गेलेली नाहीत किंवा मधूनच शाळा सोडून बसलीत. हा आकडा आपल्या सभांमध्ये शंभर वेळा येतो. आता दुसरा आकडा बघा, जो येत नाही. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या मुस्लिमांची साक्षरता ७८.१ टक्के होती आणि राज्याची सरासरी ७६.९. म्हणजे साक्षरतेत आपण सरासरीच्या वर! आपल्या गोंदिया जिल्ह्याचंही तसंच. २०११ मध्ये जिल्ह्याची साक्षरता सुमारे ८५ टक्के, राज्याची ८२. कागदावर आपण डबल पास आहोत.

हे कसं काय? जनगणनेला येणारा माणूस दारात उभा राहून विचारतो, वाचता-लिहिता येतं का? घरातला मोठा माणूस म्हणतो, हो. तो हो लिहून घेतो. कोणी पुस्तक पुढं धरून ‘वाच’ म्हणत नाही.

पुस्तक पुढं धरायचं काम ‘असर’वाले करतात. ‘प्रथम’ संस्थेनं २००५ पासून चालवलेली ग्रामीण भागातली घरोघर पाहणी. त्यांची चाचणी इतकी साधी आहे की तुमच्यापैकी कोणीही घेऊ शकेल. एका कागदावर सुटी अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल कुठपर्यंत जातं बघायचं, बस. २०२४ च्या पाहणीत देशातल्या तिसरीच्या मुलांपैकी २७.१ टक्क्यांना दुसरीची गोष्ट वाचता आली. चार मुलांमागे जेमतेम एक. पाचवीत ४८.८ टक्के. हे सगळ्या जातिधर्मांच्या मुलांचं आहे, फक्त आपलं नाही. सालेकसा-देवरीकडचं घरी गोंडी बोलणारं मूल, आमगाव-तिरोड्याकडचं पोवारी बोलणारं मूल याच रांगेत आहे. आपण जिल्ह्यात दोन टक्क्यांच्या आसपास. आपलं वेगळं रडगाणं घेऊन बसण्यात मला रस नाही. पण आपल्या मुलग्यांचं जे खास आहे ते आपल्याशिवाय कोण बघणार?

तर बघू या. गेली दोन-अडीच वर्षं, सुट्टीत गावी आलो की मी असा एक कागद खिशात ठेवतो आणि मोहल्ल्यातल्या पोरांना जवळ बसवतो. त्यातलाच एक पाचवीतला मुलगा. मराठीचं पुस्तक उघडलं, पाठ सुरू केला. धडाधड. मला वाटलं, छान! मग मी मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं. हा कोणता? तो पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू झाला, त्या शब्दापर्यंत आला आणि म्हणाला. पुढच्या पानावर नेलं तर गप्प. सगळा पाठ त्याला पाठ होता. आपल्या भाषेत दोन्हींना शब्दही एकच आहे बघा, पाठ. वाचायला एक अक्षर येत नव्हतं म्हणणार नाही, पंधरा-वीस येत होती. काना-मात्रा लागली की संपलं.

हाच मुलगा संध्याकाळी मस्जिदीत अरबीला जातो. हाफिजसाहेबांना विचारून मी मागे जाऊन बसलो. तिथं त्याचा कायदा कधीच संपला होता. पारा चालू होता. मी मुद्दाम मधल्या एका शब्दावर बोट ठेवलं. त्यानं हिज्जे करून वाचला. दुसऱ्या ओळीतला दाखवला, तोही वाचला. जबर, जेर, पेश, जज्म, तश्दीद, एकही चूक नाही.

शाळेच्या हिशोबानं हा मुलगा ‘अप्रगत’ आहे. आणि तो उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या, जोडताना अक्षराचं रूप बदलणाऱ्या, घरात कोणीही न बोलणाऱ्या भाषेतला शब्द फोडून वाचतोय. मग डोकं नाही, लक्ष नाही, घरचं वातावरण नाही, ही जी कारणं शाळेत आणि आपल्या ओट्यांवर ऐकू येतात त्यांचं काय करायचं?

हाफिजसाहेब काय करतात ते मी इंजिनिअरच्या नजरेनं बघितलं. मोठी गोष्ट आहे, आणि आपण रोज तिच्या शेजारून जातो. पहिलं म्हणजे वयाप्रमाणे वर्ग नाही. सहा वर्षांचा आणि अकरा वर्षांचा शेजारी बसलेत आणि दोघांचे सबक वेगळे. जो जिथं आहे तिथून त्याचा सबक. दुसरं, रोज प्रत्येक पोरगं एकटं पुढं येऊन ऐकवतं. घोळक्यात ओठ हलवून भागत नाही. तिसरं, सबक पक्का झाल्याशिवाय पुढचा मिळत नाही, आणि कच्चा राहिला म्हणून कोणी त्याला नापासही म्हणत नाही, उद्या पुन्हा. चौथं, कायद्याची बांधणी. आधी सुटी अक्षरं, मग जोडलेली, मग एकेक खूण. एका पायरीवर एकच नवी गोष्ट. शाळेत याच्या उलट चालतं. पहिलीतल्या मुलाला क-का-कि-की पासून सबंध बाराखडी गाऊन दाखवायला लावतात. चौतीस व्यंजनं गुणिले बारा, चारशेच्या वर रूपं, जोडाक्षरं वेगळी. ती गाण्यासारखी पाठ होते, नजरेला ओळखू येत नाही. बंगळुरूच्या बाजूला कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांवर सोनाली नाग यांनी संशोधन केलंय. कन्नडही आपल्यासारखीच बाराखडीची लिपी. तिथं दिसलं की मुलांची ही रूपं शिकण्याची क्रिया पहिल्या दोन वर्षांत संपत नाही, पुढे चौथीपर्यंत चालू राहते. आपली पाठ्यपुस्तकं मात्र दुसरीपासून धरून चालतात की वाचन आलंय, आता आशय बघू.

मकतबचं मी उगाच कौतुक करत नाही. छडी तिथंही आहे, कुठं कुठं जास्तच आहे. आणि तिथलं वाचन बिनअर्थाचं असतं. आवाज बरोबर येतो, मतलब कळत नाही. आपल्या मुलाला मराठीत तसं वाचून चालणार नाही. पण अर्धं काम, अक्षरावरून आवाज काढायचं काम, हे पोरगं करू शकतं याचा पुरावा आपल्या मस्जिदीत रोज संध्याकाळी बसलेला असतो.

आता उरलेलं अर्धं, मतलबाचं. गोंदियात आपल्या घरात बोली कोणती? हिंदी म्हणा, उर्दू म्हणा, आपली गोंदियाची खिचडी म्हणा. स्टेशनच्या या बाजूची, बालाघाटकडची, दुर्ग-राजनांदगावकडची, सगळ्यांची मिळून. खेड्यात, जिथं आपली दोन-चारच घरं असतात, तिथं पोरं मराठी चांगली बोलतात. शहरात तसं नाही. पहिल्या दिवशी बाई म्हणतात, “खाली बस.” पोरगं दाराकडं बघतं, कुठली बस रिकामी आहे! हसू नका, तुमच्यातले निम्मे यातून गेलेत. पुस्तकात ‘दादा शाळेत गेला’ असं वाक्य आलं तर आपल्या पोराचा दादा म्हणजे दाढीवाला म्हातारा, तो कशाला शाळेत जाईल? ‘राग’ म्हणजे त्याला गाण्यातला राग. ‘शिक्षा’ हा शब्द घरी चांगला, शाळेत वाईट. खुद्द ‘बाई’ हा शब्द घरी ज्या अर्थानं वापरतात त्या अर्थानं त्यानं वर्गात वापरला तर मार खाईल. ‘ळ’ त्याच्या कानानं कधी ऐकलेलाच नाही. कमळाचं चित्र बघून तो कमल म्हणतो आणि बाई म्हणतात चूक. त्याला फूल ओळखू आलं, शब्द आला, तरी चूक! असं दिवसातून दहादा झालं की पोरगं बोलायचंच बंद होतं. दुसरीतली आपली गप्प बसणारी पोरं मठ्ठ नसतात. ती हिशेबी असतात, बोलून चूक ठरण्यापेक्षा गप्प बरं असा त्यांचा हिशेब असतो.

यावर शिक्षिकेला शिव्या घालणं सोपं आहे. तिच्याकडं एका खोलीत दोन-तीन इयत्ता असतात, वर ऑनलाइन माहिती भरायची असते. तिला कोणी सांगितलेलंच नाही की या पोराच्या ‘खाली’चा अर्थ वेगळा आहे. सांगणारा आपल्यातूनच गेला पाहिजे.

बहिणी विचारतील, फक्त मुलगेच का? मुलींनाही हेच सगळं लागू आहे की. आहे. पण मी बघतो त्यात एक फरक दिसतो. मुलगी शाळेतून येते, घरात राहते, धाकट्याचा अभ्यास घेता घेता स्वतः वाचते. मुलगा दप्तर फेकतो आणि बाहेर. थोडा मोठा झाला की दुकानावर. आणि गंमत बघा, पैसा त्याच्यावरच जास्त खर्च होतो. मुलीला नगरपरिषदेची शाळा, मुलाला फी भरून इंग्लिश मीडियम. हे फक्त आपल्याकडं नाही, ‘असर’च्या २०१९ च्या लहान मुलांच्या पाहणीत हेच आलंय की चार-पाच वर्षांच्या वयापासूनच खाजगी शाळांत मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा जास्त आहे. म्हणजे जी भाषा घरात, गल्लीत, दुकानात कोणीच बोलत नाही तिच्यात त्याला घातलं, महिन्याची फी भरली आणि समजलो की फर्ज अदा झाला. तिकडं आपल्या मुली कॉलेजपर्यंत पोहोचल्या. २०२०-२१ च्या उच्च शिक्षणाच्या सरकारी पाहणीत देशभरातल्या मुस्लिम विद्यार्थ्यांत निम्म्याच्या आसपास मुली आहेत. फार आनंदाची गोष्ट. आणि त्याच मुलींसाठी स्थळं बघताना आईबाप कपाळाला हात लावतात ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

बापाचं म्हणणं असतं, याला कुठं कलेक्टर व्हायचंय, दुकान सांभाळेल. चला, दुकानच धरू. १ एप्रिल २०२० पासून नवी गाडी बीएस-६ ची झाली. गॅरेजमध्ये आता गाडीला स्कॅनर लावतात, स्क्रीनवर मजकूर येतो, तो वाचून कुठला सेन्सर गेलाय ते ठरतं. ज्याला वाचता येतं तो स्कॅनरवर बसतो, ज्याला येत नाही तो चाकं खोलतो, आणि वीस वर्षांनीही चाकंच खोलत राहतो.

मोबाइलनं तर हे सगळं झाकून टाकलंय. आपली पोरं यूट्यूबवर काही टाइप करत नाहीत, माइक दाबतात आणि बोलतात. मेसेज लिहीत नाहीत, व्हॉइस नोट टाकतात. घरच्यांना वाटतं, केवढा हुशार, सगळा मोबाइल चालवतो. चौथी-पाचवीपर्यंत घरात कोणाला पत्ताच लागत नाही की याला वाचता येत नाही. आम्हीच लोकांनी ही सोय केली, त्यामुळं मला माहीत आहे ती किती उत्तम चालते.

आता जरा लांब जाऊ. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली तेव्हा ती अमेरिकेत काळ्या लोकांना गुलामीतून सोडवणाऱ्यांना अर्पण केली. त्यामुळं तिकडं बघायची आपल्याकडं जुनी वहिवाट आहे. त्या काळ्या लोकांत फ्रेडरिक डग्लस नावाचा एक गुलाम मुलगा होता. बाल्टिमोरमध्ये मालकिणीनं त्याला अक्षरं शिकवायला घेतली, मालकानं बंद पाडलं. गुलाम वाचायला शिकला तर गुलाम राहणार नाही, हे मालकाला बरोबर कळलं होतं. मग पोरानं काय केलं? घरातून पाव खिशात घालून निघायचा आणि रस्त्यावरच्या गरीब, भुकेल्या गोऱ्या पोरांना पाव देऊन त्यांच्याकडून धडे घ्यायचा. १८४५ च्या आत्मचरित्रात त्यानं हे स्वतः लिहिलंय.

त्या देशात काळ्या मुलग्यांच्या वाचनाचा प्रश्न आजही आहे, आणि त्यांनी तो मोजलाय. २०११ मध्ये डोनाल्ड हर्नांडेझ या समाजशास्त्रज्ञानं सुमारे चार हजार मुलांचा माग काढून दाखवलं की तिसरीत ज्यांना नीट वाचता येत नव्हतं, त्यांची शाळा अर्धवट राहण्याची शक्यता नीट वाचणाऱ्यांच्या चौपट होती. गरीब आणि काळ्या मुलांत चित्र आणखी वाईट. मी मघापासून दुसरी-तिसरी म्हणतोय ते यासाठी. पण तिथलीच दुसरी बातमीही ऐका. मिसिसिपी हे अमेरिकेतलं सगळ्यात गरीब राज्यांपैकी एक, काळ्या लोकांचं प्रमाण सगळ्यात जास्त. चौथीच्या वाचनात २०१३ मध्ये ते पन्नास राज्यांत ४९ वं होतं. त्या वर्षी त्यांनी कायदा केला, अक्षर-आवाजाची पद्धत शिक्षकांना नव्यानं शिकवली, मागं पडलेल्या शाळांत मदतनीस पाठवले, मुलांची लहानपणीच तपासणी सुरू केली. २०२४ ला ते नवव्या क्रमांकावर आलं. तिथली काळी मुलं आज कितीतरी श्रीमंत राज्यांतल्या काळ्या मुलांपेक्षा चांगलं वाचतात. गरिबी गेली नाही, वाचन आलं.

आता ठरावाकडं येतो. अभ्यासिकेच्या बाजूनं म्हटलं जातं की आपला एक पोरगा डेप्युटी कलेक्टर झाला तर सगळा मोहल्ला जागा होईल, त्याच्यामागून बाकीचे येतील. हा युक्तिवाद नवा नाही. इंग्रज सरकारही हेच म्हणायचं, वरच्यांना शिकवू, ते खाली झिरपेल. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढं फुल्यांनी निवेदन दिलं त्यात याच धोरणावर हल्ला आहे. महसूल भरतो शेतकरी आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. पैसा प्राथमिक शिक्षणावर घाला आणि बारा वर्षांच्या वयापर्यंत ते सक्तीचं करा, ही त्यांची मागणी. ते झिरपलं नाही हे आपण बघितलंय. आपलंही झिरपणार नाही. अभ्यासिकेत येणार कोण? ज्यांना आधीच वाचता येतं ते. त्यांना अभ्यासिका मिळाली तर बरंच आहे, नाही मिळाली तर ते सार्वजनिक वाचनालयात जातील, मोबाइलवर टेस्ट सिरीज सोडवतील. दुसरीतल्या पोराला दुसरी जागा नाही. आणि सरकारकडं बघून बसाल तर लक्षात ठेवा, केंद्राची अल्पसंख्याकांची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून पहिली ते आठवीला बंद झाली, फक्त नववी-दहावीला ठेवली. वरच्यांना द्यायचं, खालच्यांना नाही, हाच कल तिथंही. दोन्ही करू म्हणाल, तर हॉल एक आहे आणि संध्याकाळही एकच आहे.

काय करायचं ते मी शोधून काढलेलं नाही. मुंबई आणि वडोदऱ्याच्या नगरपालिकेच्या शाळांत ‘प्रथम’नं बालसखी नावाचा उपक्रम केला. वस्तीतलीच एक मुलगी, स्वतः शाळा पुरी केलेली, तिसरी-चौथीतल्या मागं पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळं बसवून वाचायला आणि गणित शिकवायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते रीतसर मोजलं, २००७ मध्ये छापलं. मुलं पुढं गेली, आणि सगळ्यात मागं असलेली जास्त पुढं गेली. बीएड लागलं नाही. अशा कामांसाठी या दोघांना आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ चं नोबेल मिळालं. मूल ज्या पातळीवर आहे तिथून शिकवा, हे त्याचं सार. हाफिजसाहेब तेच करतात, फक्त त्यांना स्टॉकहोमला कोणी बोलावत नाही.

मराठीसाठी वाट तयार आहे. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेनं, वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याला नीलेश निमकर यांच्या क्वेस्टनं, अक्षरांचे छोटे गट करून शिकवायचं काम वर्षानुवर्षं केलंय. सगळी बाराखडी एकदम नाही. चार-पाच अक्षरं आणि एक मात्रा घ्या, त्यांचेच शब्द करा, मग पुढचा गट. आपल्या पोरांसाठी मी एक गट करून बघितला. क, म, ल, स आणि काना. एवढ्यात काय काय होतं बघा. काम, माल, लाल, मामा, कमल, कमाल, कलाम, सलाम. सगळे त्याच्या घरातले शब्द! एकही परका नाही. पहिल्या आठवड्यात पोरगं ‘सलाम’ वाचतं आणि घरी जाऊन भिंतीवर लिहून ठेवतं. आईचा ओरडा खातं, ते वेगळं. ‘ळ’ महिन्यानं आणा. तेव्हा त्याला सांगा की तू कमल म्हणतोस ते बरोबरच आहे, मराठीत त्याला कमळ म्हणतात. त्यासोबत रोज एक गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवायची, मराठीत, आणि गप्पा मारायच्या त्याच्या बोलीत. मतलब तिथून येतो.

लोक मला म्हणतात, तू इंजिनिअर आहेस, एखादं ॲप बनव ना. बनवता येईल. पण पोरानं चूक वाचलं की त्याच्याकडं बघणारा, थांबणारा, पुन्हा वाच म्हणणारा माणूस लागतो, आणि तो मोबाइलमध्ये बसत नाही. ॲप नंतर बघू. आणि हे सगळं मोहल्ल्यातल्या कॉलेजच्या मुलींवर ढकलू नका, मी ओळखतो तुम्हाला. त्या करतीलच, त्या नेहमीच करतात. पण आपल्या पोरानं दिवसभरात एकही मोठा मुलगा, बाप, चाचा हातात पुस्तक घेऊन बसलेला बघितलेला नसतो. वाचणं हे बायकांचं काम, असं त्याला आपोआप कळतं. त्यामुळं निम्मे तरी मुलगे पाहिजेत. मोटरसायकलवाले, दाढी कोरलेले, ज्यांच्यासारखं व्हावं असं त्या पोट्ट्यांना वाटतं ते.

कोणी म्हणेल, मकतबच्या वेळेला लागून मराठी? दीनमध्ये दुनिया का आणता? मी हाफिजसाहेबांशी बोललोय. त्यांनीच मला आठवण करून दिली की बद्रच्या लढाईतल्या लिहिता-वाचता येणाऱ्या कैद्यांची सुटका मदिनेतल्या दहा-दहा मुलांना शिकवण्यावर झाली, असं सीरतच्या किताबांत येतं. ते कैदी मुसलमान नव्हते, हे लक्षात घ्या. आणि हजरत जैद बिन साबित, तरुण पोरगाच, त्यांना पैगंबरांनी दुसऱ्यांची लिपी आणि भाषा शिकायला सांगितली आणि ती त्यांनी थोड्याच दिवसांत शिकून घेतली. हाफिजसाहेबांची अट एकच आहे. असरनंतरचा अरबीचा वेळ कमी करायचा नाही, त्याच्या आधी किंवा मगरिबनंतर बसा. रास्त आहे.

शाळा सोडून हे करायचं नाही, शाळेसोबत करायचंय. शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आहे, तिच्यात तीन-चतुर्थांश पालक असले पाहिजेत आणि निम्म्या महिला. आपले पालक तिच्यात आहेत, मासिक सभेच्या वहीवर सहीही करतात. त्यांच्यासोबत जा आणि एकच प्रश्न विचारा. तिसरीत मुलं किती आणि त्यातली दुसरीची गोष्ट किती जण वाचतात? केंद्र सरकारच्याच ‘निपुण भारत’चं उद्दिष्ट आहे की २०२६-२७ पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावं. म्हणजे प्रश्न आगाऊपणाचा नाही, त्यांच्याच परिपत्रकातला आहे. आवाज चढवायचा नाही. उत्तर लिहून घ्यायचं, तीन महिन्यांनी पुन्हा जायचं.

तर उद्याच्या बैठकीत माझी सूचना अशी. हॉल आठवड्यातून पाच दिवस, मगरिबनंतर पाऊण तास, पहिली ते चौथीच्या पोरांना. रविवारी अभ्यासिकावाल्यांनी बसावं. निधीतून खुर्च्या नकोत, दऱ्या घ्या, पाट्या घ्या, गोष्टींची पुस्तकं घ्या. मराठी, हिंदी आणि उर्दू, तिन्ही. पहिल्या महिन्यात फक्त तपासणी, घरोघर जाऊन. इयत्ता विचारायची नाही, वाचून घ्यायचं. ज्यांना अक्षरं येत नाहीत ते एका दरीवर, शब्दांवर अडलेले दुसरीवर, परिच्छेदवाले तिसरीवर. दर महिन्याला तोच कागद पुन्हा. पुढं सरकलं की पोरानं दरी बदलायची. जे सरकत नाहीत त्यांच्याजवळ बसायला एक जण जास्त. धानाच्या रोवणीच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत हजेरी पडेल, तेव्हा बंद करायचं नाही, दोन पोरं आली तरी बसायचं. रोजचे सहा जण लागतील, बदल्यांसाठी आणखी चार. सहापैकी तीन मुलगे.

तपासणीच्या कागदाच्या पन्नास प्रती मी काढून आणल्यात, दाराजवळच्या टेबलावर आहेत. जाताना एक घ्या आणि आज रात्री आपल्याच घरातल्या पोरापुढं धरा. मधल्या शब्दावर बोट ठेवायला विसरू नका.